डबीवर रेटिनॉल, आत नावापुरतं

सुरकुत्यांचं क्रीम विकणाऱ्याला सहसा खोटं बोलावंच लागत नाही. डबीवर ‘रेटिनॉल’ (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) छापलेलं असतं आणि आत रेटिनॉल असतंही. किती आहे, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. गिऱ्हाईक नाडलं जातं ते तिथे.

रेटिनॉलच्या नावाला वजन आलं ते ट्रेटिनॉइन या औषधामुळे. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम दाखवला. १९९५ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, ०.०५ टक्के ट्रेटिनॉइनचं क्रीम बारीक सुरकुत्यांसाठी मंजूर केलं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं आणि गरोदरपणात तर लावायचंच नाही. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, तोही बारीक रेषा पुसट होण्याइतपत. खोल आठ्या जात नाहीत. रेटिनॉलचं त्वचेत दोन टप्प्यांत ट्रेटिनॉइनच बनतं, म्हणून ते सौम्य. रेटिनिल पाल्मिटेट या त्याच्याच दुसऱ्या रूपाला आणखी एक टप्पा लागतो, त्यामुळे त्याचा प्रभाव फारच कमी. जाहिरातीत पुरावा ट्रेटिनॉइनचा आणि डबीत रेटिनिल पाल्मिटेट, हा नेहमीचा प्रकार.

घटकांची यादी वाचायला शिकलं की बरंच काही उघड होतं. यादी जास्तीकडून कमीकडे जाते, पण १ टक्क्याच्या खालचे घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. त्यात फिनॉक्सिइथेनॉल शोधा. हे संरक्षक युरोपच्या नियमानुसार १ टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही, म्हणून त्याच्या मागे असलेलं सगळं साधारण त्याहून कमी समजायचं. नायसिनामाइडवरचे (ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप) अभ्यास ४-५ टक्क्यांचे आहेत. ते फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे दिसलं तर केवळ शोभेला. रेटिनॉलला मात्र हा नियम लावू नका. ते ०.१ ते १ टक्का एवढंच घालतात, त्यामुळे यादीत ते खालीच येणार. तिथे टक्केवारी छापलेली आहे का एवढंच बघायचं. नसेल तर ठेवून द्या.

टक्केवारी बरोबर असूनही माल वाया गेलेला असू शकतो. रेटिनॉल हवेने आणि उजेडाने मोडतं. रुंद तोंडाची काचेची बरणी दिसायला झकास, पण रोज झाकण उघडलं की हवा आत जातेच. अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब किंवा हवाबंद पंप घ्या. क जीवनसत्त्वाच्या सीरमचंही तेच: अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड १० ते २० टक्के आणि सामू (pH) ३.५ च्या खाली हवा. रंग तपकिरी झाला असेल तर ते टाकून द्या.

सगळ्यात उघड चलाखी काउंटरवर चालते. एका डोळ्याखाली थेंबभर जेल लावतात, हलू नका म्हणतात आणि दोन-तीन मिनिटांनी आरसा पुढे करतात. पिशवी सपाट, रेषा गायब! हे काम सोडियम सिलिकेटसारख्या क्षाराचं: तो वाळताना ताठ पापुद्रा धरतो आणि कातडी ताणली जाते. तिथेच मोकळेपणाने हसून बघा, किंवा वरून थोडं मॉइश्चरायझर लावा. पांढरे पोपडे सुटतात. चेहरा धुतला की सुरकुती जागच्या जागी.

कोलॅजनच्या क्रीमवर फार शब्द नकोत. कोलॅजन या त्वचेतल्या प्रथिनाचा रेणू साधारण ३,००,००० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), आणि ५०० डाल्टनच्या वरचं सहसा त्वचेत शिरत नाही. तो वरच्यावर ओलावा धरतो, बस. ते काम साधं मॉइश्चरायझरही करतं.

ज्या ट्यूबवर ‘वय थांबवा’ लिहिलेलं नसतं ती सनस्क्रीनची. ऑस्ट्रेलियातल्या ९०३ प्रौढांवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर, वाटेल तेव्हाच लावणाऱ्यांच्या तुलनेत, साडेचार वर्षांत वार्धक्याच्या खुणा २४ टक्के कमी आढळल्या. पैसे आधी तिथे घाला. रेटिनॉल त्यानंतर: रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटाराच्या दाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. रोज थापलं की साल निघते, आग होते आणि लोक घाबरून बंद करतात.

आणि ‘मोफत नमुना, फक्त टपालखर्च भरा’ असं दिसलं की सावध व्हा. टपालखर्चासाठी घेतलेला कार्डनंबर हाच खरा सौदा असतो. बारीक अक्षरात मुदत असते, बऱ्याचदा १४ दिवसांची, आणि ती मागवल्या दिवसापासून मोजतात. मुदत टळली की पूर्ण किंमत कापतात, पुढे दर महिन्याला नवी डबी. पैसे गेले असतील तर अटींच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, रद्द करत असल्याचं ईमेलनेच कळवा आणि त्याच दिवशी बँकेला सांगून कार्ड बंद करून व्यवहारावर लेखी हरकत नोंदवा.