जुन्या स्विफ्टचं सस्पेन्शन, कमी पैशात: एक पावसाळा आणि कापसाचा हंगाम काढल्यावर

गाडी 2014ची स्विफ्ट झेडडीआय (डिझेलचं वरचं मॉडेल), सेकंडहँड घेतलेली. राहणं आर्णी तालुक्यातल्या खेड्यात. नागपूर-तुळजापूर महामार्गाला लागलं की काही त्रास नाही, त्रास आहे तो गावापासून तिथपर्यंत. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. म्हणून इकडे खड्ड्यांपेक्षा लाटा जास्त. वावरात जायची पांदण ती वेगळीच. अशा लाटांवर माझी गाडी नावेसारखी डोलायची आणि खड्ड्यात खालून टकटक वाजायची. मागच्या सीटवर आई, तिची कंबर दुखरी. हाताशी साधारण 15 हजार.

एवढ्या पैशात काय करायचं, यावर गावात प्रत्येकाचं मत तयार होतं. बहुतेकांचं एकच: "स्पेसर टाकून उंच करून घे ना भाऊ, खाली लागणारच नाही." स्पेसर म्हणजे स्प्रिंगपाशी बसवायची जाड चकती. उंच होते हे खरं. पण शॉकअपची हालचाल तेवढीच राहते आणि गाडी उंच बसली की चाकाला खाली जायला कमी जागा उरते. खड्ड्यात चाक लवकर लटकतं आणि दणका बसतो. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा, कोन वाढतो, तो भार जॉइंटवर येतो. शिवाय गाडीत परस्पर बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, उद्या अपघात झाला तर विमेवाल्याला आयतं कारण. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर त्याहून स्वस्त, पण वेटोळ्यांची हालचाल अडवून ते स्प्रिंग कडकच करतात. मागे रोज पोती वाहणाऱ्याला चालतील. आईच्या कंबरेला नाही.

आर्णीच्या मेकॅनिकनं शॉकअपचं नाव काढायच्या आधी गाडी वर घेतली. "काहून घाई करता भाऊ, आधी खालून पाहू द्या." टकटक होती पुढच्या लिंक रॉडची, म्हणजे चाकाजवळच्या छोट्या जोडदांडीची. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेले, आणि स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवलं की कट्ट करणारं स्ट्रट माउंट, म्हणजे पुढच्या शॉकअपची वरची बैठक. हे सगळं मजुरीसकट चारेक हजारांत झालं, आणि खरं सांगतो, निम्मा फरक तिथंच पडला. आवाज गेला की माणसाला गाडी आपोआप मऊ वाटते, हाही त्यातला भाग असेल.

या कामातली एक गोष्ट उभं राहून करवून घ्या. लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आलं की मग. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. माझ्या ओळखीच्यांपैकी दोघांचे नवे बुश असेच गेले, आणि दुकानदारानं खापर मालावर फोडलं.

उरलेल्या पैशात शॉकअप. मागच्या दोन्हींवर तेल गळून धूळ चिकटलेली, बोट फिरवलं तर काळा चिखल येत होता. मागचा टायर हातानं चाचपला तर उंचसखल लागायचा. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतं, त्याची ही खूण. गॅब्रिएल कंपनीचे चारही घेतले, गाडीत मुळात असतात तसेच, जास्त कडकवाले नाहीत. पुढचे घेताना पेट्रोलचे की डिझेलचे ते बघून घ्या, डिझेलचं इंजिन जड असतं. पैसे कमी असतील तर आधी मागची जोडी बदला, पण एका धुरीवर एक नवा एक जुना करू नका.

टायर तसेही संपले होते, म्हणून तो खर्च मी यात धरत नाही. पण निर्णय याच हिशेबात घेतला. माझ्या मॉडेलला 185/65 आर15, खालच्या मॉडेलला 165/80 आर14 (रुंदी मिलिमीटरमध्ये, रुंदीच्या किती टक्के उंची, आणि रिम किती इंची). मी खालच्या मॉडेलचा माप घेतला. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा, म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही. पण रिम आणि रस्ता यांच्यात रबर 120 मिलिमीटरऐवजी 132. त्या मापाची जुनी लोखंडी रिम घेतली, माझे अलॉय (हलक्या मिश्रधातूचे रिम) विकले, त्यातून टायरचा बराच पैसा सुटला. बारीक दणके टायरच खातो, ते स्प्रिंगपर्यंत जातच नाहीत. काठावरच्या खड्ड्यात अलॉय वाकायची धास्तीही गेली. गाडी दिसायला साधी झाली, पोरगा अजून कुरकुरतो.

आता उणं काय राहिलं ते. पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की गतिरोधकावर मागून अजून धप्प होतं, कारण स्प्रिंग जुनेच आहेत. शॉकअप नुसती उसळी आवरतो, वजन तोलत नाही. महामार्गावर वळणाला जाड टायर थोडा उशिरा वळल्यासारखा वाटतो, सवय होते. पहिले काही दिवस गाडी कडक लागते, घाबरू नका. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणेच, पंपावरचा पोऱ्या "रस्ता खराब आहे, जास्त भरतो" म्हणाला तरी नको.

अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं) काम झाल्यावर लगेच केलं आणि कापसाच्या गाड्यांनी रस्ता पार उखडल्यावर पुन्हा एकदा. मागच्या स्प्रिंगचं मेकॅनिक म्हणतो, तुटलेले नाहीत, बसलेत थोडे. पेरणीच्या आधी पैसे उरले तर बघू.