म्हाताऱ्या माणसाला मुंबईला न्यायचं तर विमान, रेल्वे की रात्रीची ट्रॅव्हल्स

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यात सध्या दोन-तीन घरी हाच विचार चालू आहे, कोणाच्या बाबांना मुंबईला दवाखान्यात दाखवायचंय, कोणाची आई लेकीकडे जाणार, आणि तिकिटाचा विषय निघाला की पहिले हेच ऐकू येते, "विमान नको बावा, अमदाबादचं पाहिलं ना?" ही भीती खोटी नाही. १२ जून २०२५ ला लंडनला निघालेलं ते विमान उडाल्याबरोबर पडलं, आतल्या २४२ पैकी एकच जण वाचला, खाली हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवायला बसलेली डॉक्टरकीची पोरं गेली. आमच्या आईने ते व्हिडिओ इतक्यांदा पाहिले की आजही वावरात डोक्यावरून विमान गेलं की ती निंदणं थांबवून वर पाहते.

पण त्याच घरची माणसं यवतमाळहून रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बिनघोर झोपून जातात, हे काही मला पटत नाही. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला चाललेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दाराच्याच बाजूने उलटली, पेटली, २५ जण गेले, जे वाचले ते काच फोडून निघाले म्हणून. २०२२ च्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. रोज थोडी थोडी मरतात म्हणून टीव्हीवर दिसत नाही एवढंच.

मी दिवाळीनंतर अशाच एका गाडीने गेलो होतो. इमर्जन्सी खिडकीवर पडदा खिळे मारून पक्का केलेला, काच फोडायची हातोडी जिथे पाहिजे तिथे रिकामा हूक आणि त्या हूकला कोणाची तरी पाण्याची बाटली लटकवलेली. क्लीनरला विचारलं तर म्हणे, "काही होत नाही भाऊ, झोपा." इगतपुरीपर्यंत माझा डोळा लागला नाही. तेव्हापासून घरच्यांना सांगून ठेवलं आहे, ट्रॅव्हल्स एकदम नाइलाज असेल तरच, आणि बसायच्या आधी ती खिडकी उघडून पाहायची म्हणजे पाहायचीच.

मग विमान का नाही? माझ्या मते कारण पडायचं नाही, पैशाचं आहे. २०२५-२६ च्या हंगामात कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर झाला, पण सरकारने बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्टपासून डिसेंबर २०२५ पर्यंत काढून टाकलं आणि व्यापारी गावात येऊन कमी भावात मागून राहिले, सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस खरेदीला, नंबर लागला तरी चुकारा खात्यात कधी पडेल त्याच्यावर तारीख ठरवता येत नाही. ज्याच्या पैशाची तारीख पक्की नाही त्याने स्वस्तातलं विमान तिकीट काढू नये, कारण आपण रद्द केलं तर हातात जवळपास काहीच येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तर पायलटच्या ड्युटीच्या नियमांवरून हजारो विमानं रद्द झाली, भाडी इतकी चढली की सरकारला ५०० ते १००० किलोमीटरसाठी १२ हजारांची मर्यादा घालावी लागली. कास्तकाराने असं भाडं ऐनवेळी कुठून आणायचं?

तरीही पेशंटला रात्रभर आडवं-उभं होणं झेपत नसेल तर मी विमानच म्हणेन, उसने घेऊन का होईना. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीहूनच मुंबईचं विमान आहे, आपल्याला नागपूरपर्यंत जायचं काम नाही. लहान, पंख्यावर चालणारं एटीआर विमान आहे, पंखे फिरताना दिसतात, आईला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. कोणत्या वारी उडते ते मात्र पाहून घ्या, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा.

बाकी सगळ्यांसाठी धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस. संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई. घरचा डबा सोबत, संडास डब्यातच, म्हाताऱ्या माणसाला याच्याहून मोठी सोय कोणती? तिकीट ६० दिवस आधी निघते, वय बरोबर टाकलं तर खालचा बर्थ मिळायची शक्यता जास्त, आणि वेळेत रद्द केलं तर थोडेच पैसे कापतात. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे हे खरंच दुखते. ऑनलाइन काढताना ४५ पैशांच्या विम्यावर टिक करा, मृत्यू झाला तर १० लाख मिळतात, नॉमिनीचं नाव त्याच दिवशी भरून टाका.

आणि कॅन्सरचा पेशंट उपचाराला जात असेल तर घाईत मोबाइलवर तिकीट काढू नका. स्लीपर आणि थर्ड एसीत त्याला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के, पण त्यासाठी दवाखान्याचा सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो. तो घेऊन स्टेशनच्या खिडकीवर जा.