ऑस्ट्रेलियन लॅम्बची मांडी : मांस उत्तम, हमी दुकानातच तुटली

पणजीतल्या एका कोल्ड स्टोरेजमधून, म्हणजे गोठवलेलं मांस विकणाऱ्या दुकानातून, मी अलीकडे ऑस्ट्रेलियन लॅम्बची, म्हणजे कोकराची, गोठवलेली मांडी आणते. आधी मांसाविषयी. आमच्या फोंड्याच्या घरी करतो तशीच शागोती केली : भाजलेलं खोबरं, धने, मिरी, लवंग, दालचिनी, खसखस, सोबत वडे. मांस मऊ, धागा बारीक. बोकडापेक्षा लवकर शिजतं, कुकर न लावता पातेल्यातच झालं. चरबी मात्र पुष्कळ आणि तिचा वास आपल्या सवयीचा नाही. वरचा पांढरा थर सुरीने काढून टाकला, की मसाल्यापुढे तो वास टिकत नाही. बोकडाच्या हाडांचा दाट रस्सा ज्यांना हवा असतो, माझ्या सासूबाई त्यांतल्या, त्यांना हे रुचणार नाही.

किंमत इथल्या मटणाच्या जवळजवळ दुप्पट. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू झाला आणि मेंढीच्या मांसावरचं ३० टक्के आयात शुल्क गेलं, तरीही इतकी. मग एवढे पैसे कशाला मोजायचे?

मी पशुवैद्य म्हणून नोकरी केली, म्हणून माझं उत्तर चवीत नाही. जनावराला जंतनाशक दिलं किंवा अँटिबायोटिक टोचलं, की ठरावीक दिवस ते कापायचं नसतं. औषध अंगातून उतरायला तेवढे दिवस लागतात, आणि प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे. गोव्यात खाण्याचे बोकड बरेचसे कर्नाटक-महाराष्ट्रातून, बाजाराबाजारातून हात बदलत येतात. आमच्या खाटकाला विचारलं, याला शेवटचं इंजेक्शन कधी दिलं होतं, तर तो खरं तेच सांगतो, "डॉक्टरबाई, मला कसं कळणार?" कत्तलखान्यातला पशुवैद्य कापण्याआधी जनावर बघतो, नंतर यकृत-फुप्फुसं तपासतो. ताप, कावीळ, गळू, कृमी त्याला दिसतात. औषधाचा अंश डोळ्यांनी दिसत नाही. तो फक्त पाळणाऱ्यालाच माहीत असतो, आणि त्याची सही हवी असते ती याचसाठी.

ऑस्ट्रेलियात ही सही घेणाऱ्या योजनेचं नाव लाइव्हस्टॉक प्रॉडक्शन अ‍ॅश्युरन्स, थोडक्यात एलपीए. शेतकऱ्याने औषधं, चारा, जनावरांची ने-आण, रोगापासून बचाव आणि जनावरांशी वागणूक यांच्या नोंदी ठेवायच्या, दर तीन वर्षांनी नोंदणी नवी करायची, आणि मधे कधीही तपासणी येऊ शकते. जनावर शेताबाहेर निघताना एक जाहीरनामा भरायचा : औषधाचे दिवस पूर्ण झालेत का, काय खायला घातलं. चाऱ्याचा प्रश्न उगाच नाही. ब्रिटनमध्ये गुरांना मांस-हाडांचा भुगा चारल्याने बीएसई हा गुरांच्या मेंदूचा रोग पसरला, १९९६ मध्ये त्याचा संबंध माणसाच्या जीवघेण्या आजाराशी असल्याचं सरकारने मान्य केलं, आणि लोकांचा गोमांसावरचा विश्वास उडाला. तिथली 'रेड ट्रॅक्टर' ही हमी योजना २००० सालची. ऑस्ट्रेलियात तर १ जानेवारी २०२५ पासून जन्मणाऱ्या कोकरांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा आहे.

हे सगळं मनात ठेवून दुकानात गेले, आणि तिथेच माझी तक्रार सुरू होते. दुकानातल्या मुलाने फ्रीझरमधून काढून दिली ती करवतीने कापून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली मांडी. पिशवीवर पेनने लिहिलेलं वजन आणि किंमत, बस्स. कुठल्या देशाची, कधी पॅक केली, कोणी आणली, काही नाही. मी मूळ खोका मागितला. मुलगा अदबीने वागला, आतून खोका घेऊन आला. त्यावर सगळं होतं : देशाचं नाव, कत्तलखान्याचा क्रमांक, पॅकिंगची तारीख, आयातदाराचा पत्ता, एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक. पण माझ्या पिशवीतली मांडी त्याच खोक्यातली होती, हे मी कशावरून मानू? हजारो मैलांवरच्या शेतकऱ्याने केलेली सही काउंटरच्या अलीकडे पोचलीच नाही. दुप्पट पैसे आपण त्या सहीचे देतो, म्हणून मला हे फार लागलं.

आपल्याकडे गुरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला येतोय, त्या क्रमांकावर लस नोंदवली जाते. बोकडाचं औषधही तसंच नोंदवलं जावं आणि ती नोंद खाटकाच्या दुकानापर्यंत यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते झालं तर मी ऑस्ट्रेलियाकडे बघणारसुद्धा नाही. आमचा खाटीक हात स्वच्छ ठेवतो, ताजं देतो, त्याच्याकडे फक्त तो कागद नाही.

तोपर्यंत, घ्यायचीच असेल तर अख्खी, हवाबंद, मूळ लेबल असलेली मांडी मागा. मी आता तशीच घेते, दुकानदार कुरकुर न करता देतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सावकाश वितळू द्या. घरात दोघंच असाल तर अर्धी करून घ्या, पण मूळ पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि लेबल सोबत घेऊन या.