मेथिलफेनिडेट : अकरा महिन्यांची वही

मी धरणगावातील एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मागच्या ऑगस्टमध्ये एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा यांवर, मेथिलफेनिडेट सुरू झाले, तेव्हा कापसाच्या गाड्यांच्या नोंदींसाठी वापरतो तसलीच दोनशे पानी वही मी घरी आणली आणि तिच्यात रोज पाच गोष्टी लिहायचे ठरवले : गोळी किती वाजता दिली, सकाळी काय खाल्ले, डब्यात किती उरले, झोप किती वाजता लागली आणि शाळेतून पेन्सिली किती परत आल्या. पेन्सिलींची नोंद पत्नीने सुचवली. त्याआधीच्या जून-जुलैत त्याने आठवड्याला चार-पाच पेन्सिली हरवल्या होत्या, आणि वर्गातील लक्ष मोजण्याचे त्याहून भरवशाचे साधन आमच्या घरात नव्हते. पुढचे सगळे त्या वहीवरून लिहीत आहे.

निदानाविषयी थोडक्यातच सांगतो. जळगावच्या बालमानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी दोन भेटींत मुलाशी आणि आमच्याशी सविस्तर बोलून घेतले आणि घरासाठी एक, वर्गशिक्षकांसाठी एक अशा दोन प्रश्नावल्या भरून मागवल्या. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, सहा महिने तरी टिकलेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, असा एडीएचडीचा निकष आहे. माझ्या चुलतभावाचा एमआरआयचा आग्रह होता आणि त्यासाठी पैसे द्यायचीही त्याची तयारी होती. मात्र एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूत जे फरक सापडले आहेत ते अनेक मुलांच्या सरासरीत दिसतात, एकट्या मुलाच्या एमआरआयवरून निदान होत नाही, असे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितल्यावर तो विषय तिथेच संपला.

आधीच एका जागी न ठरणाऱ्या मुलाला उत्तेजक औषध कशासाठी, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. मेंदूतील पेशी डोपामाइन आणि नॉरअॅड्रेनालिन ही द्रव्ये सोडतात आणि लगेच परत आत ओढून घेतात. मेथिलफेनिडेटमुळे हे परत ओढून घेणे काही तास मंदावते. डॉक्टरबाईंनी ते आमच्या भाषेत सांगितले. या गोळीने विहिरीचे पाणी वाढत नाही. वाफ्यात आलेले पाणी फुटून जाऊ नये म्हणून सकाळी बांध घातला जातो आणि संध्याकाळी तो आपोआप निघतो. पुढच्या अकरा महिन्यांत मला जे समजले त्यातील बराच भाग या एका वाक्यात आधीच येऊन गेला होता, पण तेव्हा माझे लक्ष बांध निघतो या शेवटच्या भागाकडे गेले नाही.

पहिला आठवडा सकाळी ५ मिलिग्रॅमची साधी गोळी, दुसऱ्या आठवड्यात तीच दिवसातून दोनदा, असे करत पाचव्या आठवड्यात आम्ही सकाळी एकदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या २० मिलिग्रॅमच्या गोळीवर आलो. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, त्यामुळे दुसरी गोळी शाळेत द्यावी लागत होती, आणि वर्गशिक्षकांनी ती जबाबदारी आनंदाने घेतली असली तरी दुपारच्या सुट्टीत चाळीस मुलांसमोर गोळी घेणे मुलाला आवडत नव्हते. लांब परिणामाची गोळी चावायची किंवा कुटायची नसते. आमच्याकडे औषध मधात खलून देण्याची रीत असल्यामुळे माझ्या आईला हे तीनदा सांगावे लागले.

दहाव्या दिवशीचे एक पान मी जपून ठेवले आहे. भागाकाराची आठ उदाहरणे आहेत. त्याआधी तो फळ्यावरचे ४८ वहीत ८४ करून आणत असे, तिसरी ओळ गाळून चौथीवर जात असे आणि अर्धे उदाहरण सोडून समासात ट्रॅक्टर काढत असे. या पानावर आठही उदाहरणे उतरवलेली आहेत, त्यांतील तीन चुकलेली आहेत आणि समासात काहीही नाही. गणित त्याला गोळीमुळे येऊ लागले असे झाले नाही. चुकलेल्या तीन उदाहरणांत तो हातचा विसरला होता आणि तो कसा घ्यायचा हे त्याच्या मामाला रविवारी बसून शिकवावेच लागले. फरक इतकाच की त्या रविवारी तो पाऊण तास बसला. अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी १९३७ मध्ये डोकेदुखीवर उपाय म्हणून काही मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले होते. डोकेदुखी हटली नाही, पण तीसपैकी जवळपास निम्म्या मुलांच्या अभ्यासात ठळक फरक पडला आणि मुलेच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. हे वाचले तेव्हा मला आमचे ते पान आठवले.

आता खर्चाची बाजू. पैशांपेक्षा मोठा खर्च भुकेचा झाला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पानांवर डब्याच्या रकान्यात एकच मजकूर पुन्हा पुन्हा आहे : पोळी दीड उरली, भाजी पूर्ण उरली. सुरुवातीला २५.४ किलो असलेले वजन ऑक्टोबरअखेर २४.१ किलो झाले. आई रोज म्हणायची, "पोऱ्या दुपारले काहीच खात नही, हाई गोळी बंद करा." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते आणि डॉक्टरबाईंनीही ते उडवून लावले नाही. त्यांच्या सल्ल्याने आम्ही गोळीच्या आधी, म्हणजे नऊच्या सुमारास, पोटभर जेवण द्यायला लागलो. कळण्याची भाकरी, तूप, शेंगदाण्याची चटणी आणि केळी हे त्याचे खरे जेवण झाले, आणि रात्री नऊला भूक परत आली की दुसरे. मधला डबा आम्ही मनातून सोडून दिला. जानेवारीपर्यंत वजन पूर्वपदावर आले.

दुसरा खर्च संध्याकाळचा. साडेपाचच्या सुमारास परिणाम ओसरू लागला की तासभर तो सकाळपेक्षाही हळवा आणि चिडका होत असे. एका संध्याकाळी पत्नीने भाकरी मोडून ताटात वाढली, तर अख्खी का दिली नाही म्हणून तो वीस मिनिटे रडला, आणि दुसरी अख्खी भाकरी समोर ठेवल्यावर तिच्याकडे पाहून आणखी रडला. बांध निघतो म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. त्यानंतर साडेपाच ते साडेसहा या वेळेत अभ्यास, पाहुणे आणि उपदेश हे तिन्ही बंद करून त्याला सायकल देऊन मोकळे सोडतो. वहीतील भांडणांच्या नोंदी निम्म्याने कमी झाल्या त्या या एका बदलाने.

गोळी मिळवणे हाही एक स्वतंत्र उद्योग आहे. मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखालील मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि फार थोडी दुकाने ते ठेवतात. डिसेंबरमध्ये एका दुकानदाराने "औषध तेच आहे" असे सांगून लांब परिणामाच्या गोळीऐवजी साधी गोळी दिली. मी पाकिटावरील नाव पाहिले, नावापुढची दोन अक्षरे पाहिली नाहीत. चार दिवस वर्गशिक्षकांचा एकच निरोप येत राहिला की दुपारच्या सुट्टीपर्यंत उत्तम, नंतर पहिल्यासारखा. पाचव्या दिवशी रिकाम्या पट्ट्या शेजारी ठेवल्यावर घोटाळा लक्षात आला. दिवसभर दुसऱ्यांची वजने तपासणाऱ्या माणसाकडून हे व्हावे याची खंत आहे.

आता ज्या शंकेपायी आम्ही गोळी सुरू करायला चार महिने लावले तिच्याविषयी. वाढत्या वयात मेंदूवर चालणारी गोळी दिली तर मेंदूची वाढ बिघडेल का? आमच्या नात्यात यावर दोन पक्ष होते. एकाच्या मते गोळीने मेंदू कायमचा मंद होतो आणि दुसऱ्याच्या मते गोळीने मेंदूचा विकास होतो. डॉक्टरबाईंनी समजावल्यावर आणि नंतर स्वतः वाचल्यावर माझी समजूत अशी झाली की दोन्ही पक्ष गोळीच्या पदरात जास्तीचे टाकत आहेत.

२००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी वर्षानुवर्षे मोजून प्रसिद्ध केली. हे आवरण आधी जाड होते आणि मग किशोरवयात पातळ होत जाते. इतर मुलांत आवरणाच्या निम्म्या भागाने कमाल जाडी साधारण साडेसातव्या वर्षी गाठली, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी. क्रम तोच, वेळ सुमारे तीन वर्षे उशिराची. सर्वांत जास्त उशीर नियोजन आणि स्वतःला आवरणे यांच्याशी संबंधित पुढच्या भागात होता आणि हालचालींचा भाग मात्र किंचित आधीच तयार होत होता. पाय तयार आणि लगाम मागे, असे आमच्या घरातले चित्र मला त्या आकड्यांत दिसले. त्याआधी २००२ मध्ये कास्टेलानोस यांच्या गटाने दाखवले होते की मेंदूच्या आकारमानातील थोडी कमतरता कधीही औषध न घेतलेल्या मुलांतही आढळते. म्हणजे तिचे खापर गोळीवर फोडता येत नाही.

गोळीने विकास होतो म्हणणाऱ्यांकडेही दाखवायला काही आहे. शॉ यांच्याच २००९ च्या अभ्यासात किशोरवयात उत्तेजक औषध चालू असलेल्या मुलांचे आवरण पातळ होण्याचा वेग इतर मुलांसारखा राहिला आणि औषध न घेणाऱ्यांत तो जास्त होता. पण त्यात एकूण ४३ मुले होती आणि कोणी औषध घ्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. नेदरलँड्समध्ये मात्र तशा चिठ्ठ्या टाकून, १० ते १२ वर्षांच्या मुलांना आणि मोठ्या पुरुषांना सोळा आठवडे मेथिलफेनिडेट किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोळी थांबवल्यानंतरही मुलांच्या मेंदूच्या प्रतिसादात बदल दिसला, मोठ्यांत दिसला नाही. वाढता मेंदू गोळीला वेगळा प्रतिसाद देतो, एवढे त्यातून ठरते. तो बदल लाभाचा की तोट्याचा याचा निवाडा सोळा आठवड्यांत होत नाही. आमच्या आईची भीती अडाणीपणाची नव्हती, हे मी हा प्रयोग वाचल्यावर तिला सांगितले.

माझ्या अपेक्षा सर्वांत जास्त खाली आणल्या त्या एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या एमटीए नावाच्या मोठ्या अभ्यासाने. त्यात ५७९ मुले होती. १९९९ मध्ये चौदा महिन्यांचे निष्कर्ष आले तेव्हा काटेकोरपणे औषध दिलेल्या गटांची मुख्य लक्षणे स्पष्टपणे जास्त कमी झाली होती, पण तीन वर्षांनी गटागटांतील तो फरक उरला नाही, आणि ज्यांनी औषध सतत घेतले त्यांची उंची अपेक्षेपेक्षा सुमारे २ सेंटिमीटरने मागे पडली होती. म्हणून आमच्या वहीत दर तिमाहीला उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब असतात. ऑगस्टमध्ये १२९ सेंटिमीटर असलेली उंची जूनअखेर १३३.५ झाली, ती डॉक्टरबाईंना समाधानकारक वाटली.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, शाळा नसते आणि मुलगा मामाच्या गावी रावेरकडे केळीच्या बागेत असतो. डॉक्टरबाईंच्या संमतीने तेव्हा सहा आठवडे गोळी बंद ठेवली. मामाने त्याला ठिबकच्या नळ्या तपासण्याचे काम दिले. दिवसभर चालणे, मध्येच ओरडणे आणि तुंबलेले छिद्र सापडले की धावत येणे, हे सगळे त्या कामात चालून जात होते. तो तिथे कोणालाही आजारी वाटला नाही. वजन दीड किलो वाढले.

वर्षातून एकदा गोळी थांबवून ती अजून हवी आहे का हे पाहायचे असते, म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाचवीचे पहिले दोन आठवडे आम्ही ती दिली नाही. नव्या वर्गशिक्षिकांना प्रश्नावली दिली, पण गोळीविषयी डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून मुद्दाम काही सांगितले नाही. पहिल्या आठवड्यात त्यांचा अभिप्राय "हुशार, बोलका" असा होता. दुसऱ्या आठवड्यात त्याने दोनदा परवानगीशिवाय वर्ग सोडला, गणिताची वही बाकाखाली राहिली आणि पेन्सिलींच्या रकान्यात हरवलेल्या सोमवार एक, मंगळवार दोन, गुरुवार दोन, शनिवार एक अशी नोंद झाली. रविवारी रात्री त्याने स्वतःच विचारले की उद्यापासून गोळी आहे का. सोमवारी सव्वानऊला भाकरी आणि केळे खाऊन झाल्यावर ती दिली. त्या आठवड्यात हरवलेल्या पेन्सिली : एक.