खरं बोलून घातलेला गंडा

मला गंडवणारा माणूस ऑब्सिडियनबद्दल माझ्याशी एक शब्दही खोटा बोलला नाही. खोटा होता तो फक्त माल. एवढं कळायला मला चार महिने लागले. तोवर पैसे गेले होते, एक डायमंड ब्लेड बोथट झालं होतं आणि माझा एक फोटो त्याच्या हाती लागला होता. त्या फोटोचं शेवटी सांगते.

ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच. सिलिका भरपूर असलेला, घट्ट, चिकट लाव्हा इतक्या झटपट थिजतो की आत स्फटिक धरायला सवडच मिळत नाही. दगड काळा, फुटला की शिंपल्यासारखे गोलसर टवके उडतात आणि त्यांच्या कडा वस्तऱ्यालाही लाजवतील अशा. आमच्यासारखे हौशी लोक तो करवतीवर कापतात, टंबलर नावाच्या फिरत्या पिंपात आठवडेच्या आठवडे घोळवतात, झिलई आणतात आणि मग घरी येईल त्याच्या हातात ठेवून "उजेडात धरून बघा ना" म्हणतात. घरचे केव्हाच कंटाळलेले असतात.

या नादातलं सगळ्यांत मोठं वेड म्हणजे रेनबो ऑब्सिडियन. दिसायला नुसता काळा, पण उजेडाखाली जरा कलता केला की जांभळे, हिरवे, सोनेरी पट्टे उमटतात. लाव्हा वाहत असताना अतिसूक्ष्म खनिजकण थराथरांनी आत बसलेले असतात, प्रकाश त्या थरांवर खेळतो आणि रंग दिसतो. मेक्सिकोतल्या हालिस्को भागातला हा दगड नावाजलेला आहे. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या ग्लास ब्यूट्सला 'फायर' नावाचा याचाच चुलतभाऊ मिळतो, त्यात मॅग्नेटाइटचे पातळ थर असतात.

गंमत अशी की न कापलेला रेनबो बाहेरून अगदी रंगहीन दिसतो. काळं, धुळकट ढेकूळ. रंग दिसायचे तर दगड कापावा लागतो, तोही थरांना जवळजवळ समांतर. थरांना काटकोनात कापलात तर हाती काळी फरशी येते. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. अगदी हेच माहीत होतं म्हणून मी फसले. काहीच माहीत नसतं तर "यात रंग कुठाय?" असं पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

मला गंडवणाऱ्या त्या विक्रेत्याकडून मी आधी एकच तुकडा मागवला, चाखून बघावं तसा. तुकडा अस्सल निघाला. कापला, घासला, सेरियम ऑक्साइड या झिलईच्या पावडरीने चकाकी दिली आणि मोरपिसासारखा रंग उमटला. करवत बाहेर पडता पडता डाव्या कडेचा एक टवका उडाला, तेवढं एक गालबोट. मी इतकी हरखले की फोटो काढून त्याला पाठवला, वर चार ओळी कौतुकाच्या. तो म्हणाला, "मॅडम, हात चांगलाय तुमचा. याच खाणीतला लॉट आलाय. पोतंच घ्या, पॉलिशिंगचं किटही देतो." स्तुतीला मी भुलले हे मान्य. बारा किलो रफ, म्हणजे न कापलेला दगड, आणि सोबत ग्रिटच्या, म्हणजे घासायच्या खरखरीत भुकटीच्या पुड्या, झिलईची पावडर असं सगळं मागवलं. त्याने पाठवलेल्या फोटोंतले सगळे दगड पाण्याने ओले केलेले होते. ओला काळा दगड नेहमीच देखणा दिसतो. मला वाटलं, आपल्याला चमक दिसावी म्हणून केलं असेल.

पोत्यातला पहिला दगड कापला. काळा. मनात म्हटलं, दिशा चुकली. दुसरी बाजू लावून कापलं. काळाच. त्याला विचारलं तर उत्तर हजर: "मॅडम, थराला आडवं कापलं असेल. आधी दगड ओला करायचा, एकाच दिव्याखाली फिरवून बघायचा, झाक दिसेल ती बाजू धरायची." रेनबो ऑब्सिडियनसाठी याहून योग्य सल्ला मी तरी दुसरा दिला नसता. मी दिव्याखाली दगड फिरवत बसले. झाक दिसली नाही, पण झाक दिसतेय असं वाटायला मात्र लागलं. आणखी तीन दगड कापले. मग तो म्हणाला, "एका लॉटमधल्या सगळ्याच दगडांत रंग नसतो." हेही खरं. परत घ्या म्हटलं तर, "कापलेला माल परत कसा घेणार, मॅडम?" तेही रास्तच.

आता जरा थांबून बघा. रंग आहे की नाही हे कापल्याशिवाय कळत नाही आणि कापलं की परत करता येत नाही. या दोन खऱ्या वाक्यांच्या फटीत माझे सगळे पैसे गेले.

तरीही मी त्याला चोर म्हटलं नव्हतं. रंग नाही तर नाही, साधा काळा ऑब्सिडियनही टंबल केल्यावर आरशासारखा होतो, म्हणून लहान तुकडे टंबलरमध्ये घातले. टंबलिंग म्हणजे नदीचं काम घरात करायचं: रबरी पिंपात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची ग्रिट घालून ते सावकाश फिरत ठेवायचं. पहिला आठवडा ८० नंबरची जाड ग्रिट, मग २२०, मग ५००, शेवटी झिलईची पावडर. ऑब्सिडियन या बाबतीत फार नाजूक. कडकपणा खनिजांच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ५ ते ५.५, तर अगेट, जास्पर ७ च्या आसपास. त्यामुळे त्याला दुसऱ्या दगडांत मिसळायचं नाही. पिंप दोनतृतीयांशाहून जास्त भरायचं, म्हणजे दगड उंचावरून आपटत नाहीत. मऊपणासाठी प्लॅस्टिकच्या गोळ्या घालायच्या. नाही तर कडांवर पांढुरके ठोसे उमटतात आणि ते पुढच्या कुठल्याही टप्प्यात जात नाहीत, पुन्हा पहिल्यापासून घासावं लागतं. मी हे सगळं पाळलं होतं.

८० च्या आठवड्यानंतर पिंप उघडलं तर निम्म्याहून जास्त दगडांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. गोल, कंपासने काढावीत तशी. त्यांत राखाडी चिखल गच्च बसलेला. जुन्या टूथब्रशने घासघासून धुतलं, तरी काही भोकांतली ग्रिट निघाली नसणार, कारण ५०० नंतर प्रत्येक दगडावर लांब ओरखडे होते. जाड ग्रिटचा एक कण बारीक टप्प्यात शिरला तरी अख्ख्या पिंपाची वाट लागते. (तो चिखल सिंकमध्ये ओतू नका हो. सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा आणि गाळ वाळवून टाका.)

पुन्हा तक्रार, पुन्हा तयार उत्तर: "टप्प्याटप्प्याला नीट धुतलं नाही तर ओरखडे येणारच." अगदी बरोबर! महिनाभर विजेचं बिल वाढवून मी स्वतःलाच दोष देत होते. झिलईच्या टप्प्यात तर दगड आणखी मंद झाले, वर पांढरट थर. त्यावर तो म्हणाला, "ऑब्सिडियनला धीर लागतो."

धीर संपला तेव्हा मी एका ओळखीच्या काकांकडे गेले. त्यांची हयात दगड घासण्यात गेली आहे. मी पोत्यातला एक तुकडा पुढे केला. त्यांनी रंगाबद्दल विचारलंच नाही. तुकड्याची पातळ कड मोबाइलच्या टॉर्चवर धरली आणि म्हणाले, "हे बघ, वांगं."

कड जांभळी होती. काळा दिसणारा ऑब्सिडियन पातळ कडेला धुरकट राखाडी किंवा तपकिरी दिसतो, घट्ट चहासारखा. जांभळी कड मँगनीज घालून काळ्या केलेल्या काचेची. हिरवी दिसली तर मात्र लगेच बोंब मारू नका. मेक्सिकोतल्याच पाचुकाचा ऑब्सिडियन हिरवट-सोनेरी असतो आणि तो अस्सल आहे. माझ्या पहिल्या, खऱ्या तुकड्याची कड मी तोवर एकदाही उजेडावर धरली नव्हती. घरी येऊन धरली. तपकिरी.

मग काकांनी दहापट मोठं दाखवणारं भिंग काढलं. आत बुडबुडे, सुटेसुटे, गोल. ऑब्सिडियनमध्येही बुडबुडे असतात, सोनेरी झाक असलेल्या जातीत तर त्यांच्यामुळेच झाक येते. पण लाव्हा वाहताना ते ताणले जातात आणि एकाच दिशेला लांबट होऊन बसतात. माझ्या टंबलरमधली ती गोल भोकं म्हणजे पृष्ठभागावर उघडे पडलेले हेच काचेचे बुडबुडे. महिनाभर मी त्यांना घासत होते आणि ते काय आहेत हा प्रश्न मला पडला नाही.

शेवटची खात्री वजनाने केली, आणि ही तुम्हीही घरी करू शकता. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. दगड कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. आता काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतात तेवढे घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता. पोत्यातला ९६ ग्रॅमचा तुकडा बुडवल्यावर ३८.१ दिसले, म्हणजे घनता २.५२. खऱ्या तुकड्याचं वजन ८४ आणि बुडवल्यावर ३५.३, म्हणजे २.३८. ऑब्सिडियन बहुधा २.३५ ते २.४५ च्या दरम्यान येतो, साधी काच २.५ च्या आसपास. फरक थोडा आहे आणि लोहयुक्त ऑब्सिडियन याहून जडही निघतो, म्हणून एकट्या घनतेवर निकाल देऊ नये. पण जांभळी कड, गोल बुडबुडे आणि २.५२ हे तिघं एकत्र आले की अपिलाला जागा उरत नाही.

पोत्यातल्या एकतीस ढेकळांपैकी चार ऑब्सिडियन निघाली, साधी काळी. बाकी सत्तावीस काच. चारही वरच्या थरात होती हे वेगळं सांगायला नको.

झिलईच्या पावडरचीही परीक्षा केली. सेरियम ऑक्साइड हाताला चांगलं जड लागतं. या पुडीचं वजनच जाणवत नव्हतं. चिमूटभर पावडरीवर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाकले तर ती फसफसून वर आली. सेरियम ऑक्साइड व्हिनेगरला दाद देत नाही. असं फसफसतो तो खडू. म्हणजे मी दगडांना आठवडाभर खडू फासत होते.

ओरखडा उमटवून बघा, फोडून बघा, असे सल्ले तुम्हाला पुष्कळ मिळतील. इथे ते कुचकामी आहेत. काचेचा कडकपणाही साधारण तेवढाच आणि काचही शिंपल्यासारखीच फुटते. फोडाफोडीतून मला एवढंच मिळालं की अंगठ्यात एक कपची गेली. चष्मा घातला होता म्हणून अंगठ्यावर निभावलं. पारदर्शक निळ्या, लालभडक 'ऑब्सिडियन'चं तर सोडूनच द्या, तो रंग दिसला की काचच समजा. माउंट सेंट हेलेन्सच्या १९८० च्या उद्रेकातली राख वापरून केलेली हिरवी काचही मिळते. ती काच म्हणून विकली तर माझी काही तक्रार नाही. आणि हा धंदा काही आजचा नव्हे: रोमन लोकही काळी काच ओतून या दगडाच्या नावाने भांडी करत असत. त्यांनी निदान तिला काच म्हटलं होतं.

रफ घेताना मी आता विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागते. कोरड्या दगडाचा फोटो. पातळ कड उजेडावर धरलेला फोटो. आणि रेनबो म्हणत असाल तर त्याच ढेकळावर घासून उघडलेली खिडकी, म्हणजे बोटाच्या पेराएवढा भाग घासून आतला रंग दाखवायचा. खरा विक्रेता ती खुशीने उघडतो, कारण खिडकीमुळे त्याचीच किंमत वाढते. आणि नमुना चांगला निघाला म्हणून पोतं कधीही घेऊ नका. नमुना निवडतो कोण? तोच.

पैसे परत मिळाले नाहीत. घनतेचे आकडे पाठवल्यावर त्याने उत्तर देणंच बंद केलं. चार महिन्यांत तो निरुत्तर झाला असा हा एकच प्रसंग. पैसे ज्या मार्गाने दिले तिथे तक्रार केली, तर मुदत टळून गेली होती. दिशा शोधण्यात, धुण्यात आणि धीर धरण्यात ती गेली.

राहिला तो फोटो. मी हरखून पाठवलेला, माझ्या हातावरच्या त्या पहिल्या दगडाचा. तो आता त्याच्या जाहिरातीत झळकतो, खाली लिहिलंय, "आमच्या ग्राहकाने या लॉटमधून काढलेला." काढून टाका म्हणून दोनदा लिहिलं, फोटो तिथेच आहे. तुम्हाला दिसला तर ओळख सांगते: तळहातावर मोरपंखी रंगाची चपटी चकती आणि तिच्या डाव्या कडेला शिंपल्याच्या आकाराचा टवका. करवत बाहेर पडताना माझ्या हातून उडालेला. दगड खरा आहे, रंग खरा आहे, ग्राहकही खरी आहे. फक्त तो त्या लॉटमधला नाही.