पाणी प्यायलेली गाडी : जुनी मर्सिडीज घेताना झालेली फसवणूक

डिसेंबर २०२० मध्ये मी पुण्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून २०११ सालची मर्सिडीज सी २०० सीजीआय साडेआठ लाख रुपयांना घेतली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने विक्रेत्याचे नाव देत नाही. परंतु त्याने काय दडवले आणि माझ्याकडून काय पाहायचे राहून गेले, हे जुनी आलिशान गाडी घेऊ पाहणाऱ्यांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इंजिनाबद्दल आधी सांगतो, कारण त्याच्याच भरवशावर मी पैसे मोजले. १७९६ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे हे टर्बो इंजिन १८४ अश्वशक्ती देते, आणि २७० न्यूटन मीटरचा पूर्ण जोर १८०० आरपीएमपासूनच मिळत असल्याने घाटातही ते दमत नाही. त्याच्या टायमिंग चेनकडे (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) आणि कॅमशाफ्टच्या, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, अॅडजस्टरकडे लक्ष ठेवावे लागते, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना खडखड ऐकू आली तर चेन ताणली गेल्याचा संशय घ्यावा, आणि तेल ठरलेल्या दर्जाचेच घालून वेळेवर बदलावे, एवढे मी वाचून गेलो होतो. प्रत्यक्षात मला दुपारी बोलावण्यात आले आणि मी पोहोचलो तेव्हा बॉनेट हाताला चटका देत होते. "सर, आताच एकांना फिरवून आणली," असे विक्रेता म्हणाला. मी ते खरे मानले. पण गरम इंजिनात ती सकाळची खडखड ऐकू येत नाही.

उभ्या गाडीत स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवत होती. लॉकडाऊनमध्ये गाडी महिनोन्‌महिने उभी होती, टाकीत जुने पेट्रोल आहे, दोन टाक्या संपल्या की नीट होईल, हे उत्तर मला पटले, कारण त्या वर्षी बहुतेकांच्या गाड्या खरोखरच उभ्या होत्या. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. स्कॅनर लावून बिघाडाच्या नोंदी पुसल्या तर काही काळ दिवे लागत नाहीत, हे मला तेव्हा सुचले नाही.

साधारण १४०० किलोमीटर झाल्यावर इंजिनातील तेल तपासण्याची सूचना पडद्यावर आली. लिटरभर तेल घातले. पुढच्या हजार किलोमीटरमध्ये तीच सूचना पुन्हा आली आणि मग मी वारज्याच्या एका अनुभवी मेकॅनिककडे गेलो. त्यांनी चारही इग्निशन कॉइल आणि प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासले. तीन सिलिंडरमध्ये तेरा बारच्या आसपास दाब भरला, तिसऱ्यात मात्र काटा दहावर थांबला. त्यांनी गेज पुन्हा बसवून पाहिले, काटा पुन्हा दहावरच. मग ते काही न बोलता गाडीत बसले, चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. जो भाग एरवी रिळातच गुंडाळलेला असतो, त्यावर बोटभर रुंदीचा मातकट पट्टा वाळून बसला होता. "सर, ही गाडी पाणी प्यायलीय," ते म्हणाले.

गाडीचा क्रमांक एमएच ०९ ने, म्हणजे कोल्हापूरच्या नोंदणीने, सुरू होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर वेढले होते आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता, हे मला ठाऊक असूनही त्या क्रमांकाचा आणि पुराचा संबंध मी जोडला नव्हता.

इंजिनात नेमके काय बिघडले होते, ते समजून घेण्यासारखे आहे. एका सिलिंडरची क्षमता ४४९ सीसी आणि कॉम्प्रेशनचे गुणोत्तर (पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट) ९.३, म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ५४ सीसी जागा उरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे हवेच्या वाटेने कटिंग चहाच्या पेल्यात मावेल एवढे पाणी जरी सिलिंडरमध्ये शिरले, तरी पिस्टन मध्येच अडतो आणि त्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद गाडीत नुसते पाणी शिरल्याने रॉड वाकत नाही. कोणीतरी चालू गाडी पाण्यात घातली असणार, किंवा भिजलेले इंजिन प्लग काढून कोरडे न करताच सुरू केले असणार. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, खोलल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या काठाशी कार्बनची पट्टी इतरांपेक्षा दोन मिलिमीटर रुंद दिसली, म्हणजे पिस्टन तेवढा खालीच थांबत होता. दोन मिलिमीटरने त्या ५४ सीसीत साडेदहा सीसीची भर पडते आणि गुणोत्तर आठच्या खाली येते. एवढ्याने गाडी बंद पडत नाही, फक्त थरथरते, आणि म्हणूनच ती विकता येते. तिरक्या रॉडमुळे पिस्टन मात्र एका बाजूला घासत राहतो, लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे पडतात आणि तेल जळू लागते; अशीच चालवली असती तर एक दिवस रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असता. माझी पत्नी त्या गाडीने एकटी खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला जाऊन आली होती, हे आठवले की आजही माझा संताप आवरत नाही.

दुरुस्तीचा खर्च साडेतीन लाखांच्या पुढे गेला. नंतर कागद चाळताना दिसले की, जुन्या मालकाच्या नावावरील मार्च २०२० च्या विमा पॉलिसीत नो क्लेम बोनस (दावा न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य होता. इतकी वर्षे सलग विमा असलेल्या गाडीला सहसा पन्नास टक्के बोनस असतो. तो शून्यावर येणे म्हणजे मागल्या वर्षी दावा घेतल्याची खूण. हा कागद विक्रेत्यानेच मला दिला होता. मी त्यावरील फक्त मुदतीची तारीख वाचली होती.

म्हणून सांगतो, गाडी सकाळी, इंजिन थंडगार असताना पाहायला जा आणि आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नये असे आधीच बजावून ठेवा. पाचही सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा, डिकीतील गालिचा उचला, सीटखालच्या बोल्टांना गंज आहे का ते बघा, आणि कॉम्प्रेशन आपल्या मेकॅनिककडून आपल्यादेखत तपासून घ्या. एका सकाळचे काम आहे. विक्रेता नाही म्हणाला, तर तिथून निघा. "आहे त्या स्थितीत पाहून व तपासून घेतली" या वाक्याखाली मी सही केली, तशी तुम्ही करू नका. गाडी पुरात सापडलेली नाही, असे त्याच्याकडून लेखी घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि माझी तक्रार मी त्या मुदतीत दाखल केली. विक्रेत्याच्या वकिलांनी लेखी उत्तरात त्या सहीवरच बोट ठेवले आहे. आम्ही सीटबेल्टची छायाचित्रे, मेकॅनिकचे प्रतिज्ञापत्र आणि चारही रॉडच्या मोजणीचा अहवाल जोडला आहे. वाकलेला रॉड जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला आहे, कारण आयोगाने मागितला तर तो हजर करायचा आहे.