डिझेल स्वॅपची अ‍ॅडॉप्टर किट: प्लेट उत्तम, बाकी जमवाजमव तुमची

जुन्या पेट्रोल फोर-बाय-फोरमध्ये डिझेल इंजिन बसवण्यासाठी मिळणाऱ्या किटमध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट (नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी), पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूने पेलणारी), इंजिन माउंट (इंजिनचे रबरी आधार) आणि बोल्ट असतात. पैसे वसूल होतात ते प्लेटवर. मशिनिंग स्वच्छ, जोड नेमक्या जागी धरणाऱ्या डॉवेल पिना घट्ट.

तरी डोळे झाकून बसवू नका. फ्लायव्हीलवर (इंजिनमागचं जड चाक) डायल गेज, म्हणजे सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावून बेल हाउसिंगचं (क्लचभोवतीचं आवरण) भोक तपासा. केंद्र ०.१३ मिमीपेक्षा जास्त सरकलेलं नको. गेजचा काटा याच्या दुप्पट दाखवतो, हे बरेच जण विसरतात. ही पायरी गाळली की पायलट बुश आणि गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग लवकर वाजायला लागतं. गिअरबॉक्स जागेवर जात नसेल तर बोल्ट आवळून ओढायचा नाही, क्लच प्लेट पुन्हा मध्यावर आणायची.

माउंटचं रबर फारच कडक आहे. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अख्खी बॉडी थरथरते, म्हणून मऊ रबर वेगळं घ्या.

सर्वात मोठी उणीव ब्रेकची. साध्या डिझेलला थ्रॉटल बटरफ्लाय (आत येणारी हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणारी नळी) पुरेसा व्हॅक्यूम तयार होत नाही आणि त्यावर चालणारा, ब्रेक पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर निकामी राहतो. अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप किंवा इलेक्ट्रिक पंप लागणारच. किटच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही! उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाइन आणि पाणी वेगळं करणारा फिल्टरही आपणच जोडायचा.

डिझेलचे कमाल आरपीएम कमी, म्हणून जुन्याच डिफरन्शियलवर (अ‍ॅक्सलमधले, चाकांना फिरवणारे गिअर) टॉप स्पीड घटतो.